डोळा आणा, बंदुकीची दुर्बीण नको
थर्मल कॅमेरा परदेशातून आणणाऱ्यांसाठी आणि परदेशी नेणाऱ्यांसाठी

प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठचा उसाचा पट्टा आता बिबट्याचाही पट्टा झाला आहे. अकोले, संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी या तालुक्यांत शेतीची लाइट रात्री आली, की मोटर चालू करायला आणि दारे धरायला माणसाला बाहेर पडावेच लागते. अशा घरातला मुलगा किंवा जावई अमेरिकेत, जर्मनीत नाहीतर दुबईत असला, की दिवाळीच्या आधी त्याला निरोप जातो: येताना तो अंधारात दिसणारा कॅमेरा घेऊन ये. हा कॅमेरा तिकडे बहुधा शिकारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. आपल्याकडे मात्र वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि हौसेच्या शिकारीचा काळ संपला. तिकडची हौसेची वस्तू इकडे विमानतळावर चौकशीचा विषय होते, ती या फरकामुळे. काय आणायचे, कसे आणायचे, उसाच्या कडेला ते कसे वापरायचे आणि हेच उपकरण घेऊन परदेशी शिकारीला जायचे असेल तर काय सांभाळायचे, ते क्रमाने पाहू.

नेमके काय घेताय?

बाजारात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. पहिली डिजिटल नाइट व्हिजन. तिला थोडा तरी उजेड लागतो, म्हणून तिच्यात डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा असतो. दुसरी खरी थर्मल. तिला उजेडच लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार इन्फ्रारेड किरण बाहेर टाकते आणि थर्मलचा सेन्सर साधारण ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या या लहरी टिपून तापमानातला फरक चित्रात दाखवतो. ऊबदार अंगाचे जनावर गार रानात उजळून दिसते ते यामुळे. जंगलात झाडाला बांधतात तो कॅमेरा ट्रॅप तिसराच प्रकार आहे. जनावराच्या हालचालीने तो चालू होतो आणि इन्फ्रारेड फ्लॅशवर फोटो काढतो, पण थर्मल चित्र देत नाही. दुकानदाराला सरळ विचारा: हा थर्मल आहे का, आणि सेन्सर किती पिक्सेलचा आहे?

पिक्सेलचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण खोक्यावरच्या ‘१,२०० मीटरवरून दिसते’ अशा दाव्याचा अर्थ एवढाच, की तेवढ्या अंतरावर एक उजळ ठिपका दिसेल. तो ठिपका कशाचा, हे तिथून कळणार नाही. हिशेब करून पाहा. ३८४ × २८८ पिक्सेलचा सेन्सर, पिक्सेलचा आकार १२ मायक्रॉन आणि भिंग २५ मिलिमीटरचे असेल, तर ३०० मीटरवर एक पिक्सेल सुमारे १४ सेंटिमीटर जागा व्यापतो. खांद्याशी ६० सेंटिमीटर उंचीचा बिबट्या तिथे चारच पिक्सेल उंच दिसेल. गावठी कुत्रेही जवळपास तसेच दिसेल. १०० मीटरवर तोच बिबट्या बारा पिक्सेल उंच होतो, मग लांब शेपूट आणि जमिनीलगतचे पोट ओळखू येते. वस्तीभोवती पाहण्यासाठी या क्षमतेचे हातात धरायचे उपकरण पुरते. त्याहून स्वस्त २५६ × १९२ चेही चालेल, पण अंतराची अपेक्षा त्या मानाने कमी ठेवा.

दुसरी निवड याहून मोठी. थर्मल उपकरण हातात धरायचेही असते आणि बंदुकीवर बसवायचेही. बंदुकीवरच्या दुर्बिणीत नेमाची खूण असते, धक्का सोसणारी बैठक असते आणि कायद्याच्या नजरेत तिची जवळीक शस्त्राशी असते. ‘बंदूक नाहीच आमच्याकडे, नुसते बघायला आणले’ हे उत्तर खरे असले, तरी विमानतळावरच्या अधिकाऱ्याला ते पटवून देण्यात तुमची रात्र जाईल आणि वस्तूही जाऊ शकेल. तेव्हा नेमाची खूण असलेले, बंदुकीवर बसणारे किंवा बंदुकीच्या साध्या दुर्बिणीपुढे जोडता येणारे काहीही आणू नका. निरोप पाठवतानाच स्पष्ट लिहा: हातात धरायचा मोनोक्युलर, बाकी काही नको.

तिकडून निघताना

परदेशातल्या दुकानातून वस्तू रीतसर विकत घेतली, म्हणजे ती देशाबाहेर नेण्याची मोकळीक मिळाली, असे होत नाही. चांगले थर्मल सेन्सर लष्करालाही लागतात. त्यामुळे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामी येणाऱ्या मालावर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार व्यवस्थेच्या यादीत थर्मल कॅमेरे आहेत. भारत डिसेंबर २०१७ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला. अमेरिकेत नागरी मालाचे नियम वाणिज्य खात्याचा ब्युरो ऑफ इंडस्ट्री अँड सिक्युरिटी पाहतो, तर लष्करी यादीतल्या मालाचे परराष्ट्र खाते. तिथल्या कायद्याने स्वतःच्या बॅगेतून देशाबाहेर नेणे हीसुद्धा निर्यातच आहे. मग ती वस्तू विकायची असो की वडिलांना द्यायची असो.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ९ हर्ट्झ. सेकंदाला नऊ किंवा त्याहून कमी चित्रे दाखवणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यांवरचे नियंत्रण पुष्कळच सैल असते. सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे दाखवणाऱ्यांवर ते कडक असते. शिकाऱ्याला पळत्या जनावरावर नेम धरायचा असतो, म्हणून त्याला वेग हवा. बांधावर उभे राहून समोर काही आहे का एवढेच पाहणाऱ्याला ९ हर्ट्झ पुरतात, चित्र थोडे अडखळते इतकेच. म्हणून आपल्या कामासाठी कमी वेगाचे मॉडेल मागा. कंपनीकडून किंवा दुकानदाराकडून त्या मॉडेलचे निर्यात वर्गीकरण लेखी घ्या आणि परवाना लागत नाही, हे कागदावर असेल तरच ते बॅगेत टाका. शस्त्रावरच्या थर्मल दुर्बिणीचे नियम याहून कडक आहेत, तिला हात न लावण्याचे हे आणखी एक कारण.

विमानात

थर्मल उपकरण हातातल्या बॅगेत ठेवा. भिंग जर्मेनियमचे असते, ते महाग असते आणि आदळले तर तडकते. लिथियम बॅटरीचा नियम आंतरराष्ट्रीय आहे: सुट्या बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये, चेक-इन बॅगेत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा चालते, १०० ते १६० वॉट-तासांच्या दोनच सुट्या बॅटऱ्या आणि त्याही विमान कंपनीच्या परवानगीने, त्यापुढच्या प्रवाशाला नेता येत नाहीत. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील, तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणा. ३.७ व्होल्ट आणि ३.४ अँपिअर-तासांची गोल बॅटरी जेमतेम साडेबारा वॉट-तासांची भरते, तिची काळजी नको. बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा. सुरक्षा तपासणीत विचारण्याआधीच उपकरण बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा आणि चालू करून दाखवण्याइतके चार्जिंग राहू द्या.

इकडे उतरताना

मुंबईला उतरा, पुण्याला किंवा हैदराबादला, बिल सोबत ठेवा. शुल्काविना किती किमतीचा माल आणता येतो, ती मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते. प्रवासाच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर ती पाहून घ्या. किंमत मर्यादेवर जात असेल किंवा वस्तूबद्दल शंका असेल, तर लाल मार्गाने जा आणि स्वतःहून जाहीर करा. हिरव्या मार्गात पकडलेली वस्तू आणि लाल मार्गात दाखवलेली वस्तू यांना मिळणारी वागणूक वेगळी असते. ‘ही भेट आहे’ म्हटल्याने शुल्क माफ होत नाही. खोके फेकून, बिल फाडून, जुनी वस्तू असल्याचा बहाणा करणे तर अंगाशीच येते.

वस्तूचे माहितीपत्रक छापून जवळ ठेवा. त्यात ‘हातात धरून निरीक्षणासाठी’ असा उल्लेख असेल त्या ओळीखाली रेघ मारा. घरचा पत्ता, सातबारा, परिसरात बिबट्याचा वावर असल्याचे ग्रामपंचायतीचे पत्र हे काही परवाने नव्हेत, पण हेतू समजावायला उपयोगी पडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आहे. पासपोर्टवर जुने नाव आणि पत्रावर नवे असेल, तर ते का, हे विचारल्यास शांतपणे सांगा.

या दोन गोष्टी मात्र बॅगेत नकोतच. एक, थर्मल ड्रोन. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा या कामांसाठी अपवाद आहे, पण त्यालाही परवानगी लागते. हौसेच्या प्रवाशासाठी तो दरवाजा बंद आहे. दोन, सॅटेलाइट फोन. परदेशी शिकारी थर्मलबरोबर तो हमखास बाळगतात, पण भारतात परवान्याशिवाय तो आणणे हा गुन्हा आहे आणि त्यापायी प्रवाशांना अटकही झाली आहे.

इकडून परदेशी शिकारीला जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडचा थर्मल कॅमेरा घेऊन कोणी टेक्सासला रानडुकरांच्या शिकारीला किंवा न्यूझीलंडला हरणांच्या शिकारीला निघाला, तर त्याचीही पहिली पायरी इथेच आहे. भारतातून बाहेर जाणाऱ्या दुहेरी उपयोगाच्या मालाची यादी स्कोमेट या नावाने ओळखली जाते आणि तिचे परवाने परकीय व्यापार महासंचालनालय देते. आपले मॉडेल त्या यादीत बसते का, ते निघण्याआधी लेखी विचारून घ्या. दुरुस्तीसाठी परदेशी पाठवायचे असेल तरी हाच प्रश्न येतो. परवान्याचे मिटले, की विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून अनुक्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र घ्या. ते नसेल, तर परतताना स्वतःच्याच कॅमेऱ्यावर शुल्क भरायची पाळी येऊ शकते.

तिकडचा कायदा तिकडच्या मित्राच्या भरवशावर सोडू नका. अमेरिकेत एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक जवळ बाळगायला संघीय कायद्याने एरवी मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानडुकरे मारायला २०१९ पासून हंटिंग लायसन्स लागत नाही, आणि आपली मुले फसतात ती इथेच. जनावरासाठी लायसन्स नको, पण व्हिसावरच्या माणसाला बंदूक हातात घेण्यासाठी तेच लायसन्स हवे. न्यूझीलंडमध्ये सरकारी संवर्धन क्षेत्रात शिकारीचा परवाना मिळतो, पण तिथे रात्रीची शिकार चालत नाही, मग थर्मल कितीही चांगला असो. काही देशांत थर्मलने पाहायला हरकत नसते, पण तो बंदुकीवर बसवायला असते. म्हणून देश, राज्य, जमिनीचा प्रकार, जनावर आणि वेळ या पाचही गोष्टींचे उत्तर कागदावर घ्या.

शिकारीची आठवण म्हणून शिंग, कातडे, दात इकडे आणायचा मोह टाळा. भारत १९७६ पासून संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराचा सदस्य आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्या कराराच्या तरतुदी आपल्या वन्यजीव कायद्यात आल्या आहेत. वन्यप्राण्यांचे अवयव सामानातून आणता येत नाहीत. फोटो आणा.

उसाच्या कडेला वापरताना

कॅमेरा घरी पोचला, शुल्क भरून झाले. पुढचा प्रश्न तो कशासाठी वापरायचा हा आहे, आणि त्याला कायद्याचे उत्तर ठाम आहे. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणे नव्हे. विष घालणे, फास लावणे, सापळा लावणे, पाठलाग करणे, हाकारणे, आमिष ठेवणे आणि यांतला कोणताही प्रयत्न करणे हे सगळे शिकारच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षे तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड. कलम ११ जिवावर बेतल्यावर सद्भावनेने केलेल्या बचावाला संरक्षण देते, पण त्या वेळी तुम्ही स्वतःच कायदा मोडत असाल, तर ते संरक्षण लागू होत नाही. थर्मल आणि बंदूक घेऊन रात्री बिबट्या शोधायला बाहेर पडलेल्या माणसाने तो बचाव घरीच ठेवलेला असतो. पीकसंरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरांचा उपद्रव असेल, तर वन अधिकाऱ्याची परवानगी मागण्याची रीतसर वाट आहे.

आता व्यवहाराचे. थर्मल उसाच्या आरपार पाहू शकत नाही. पानांच्या दाट पडद्यामागचे जनावर त्याला दिसत नाही, बांधावर आलेले दिसते. म्हणून ‘स्क्रीनवर काही नाही’ याचा अर्थ ‘फडात काही नाही’ असा घेऊन आत शिरू नका. साध्या काचेतूनही थर्मल पाहू शकत नाही, त्यामुळे जीपची काच खाली करावी लागते. पाऊस आणि धुके चित्र पुसट करतात. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेले दगड, बांध आणि पत्रे रात्री बऱ्याच उशिरापर्यंत जनावरासारखेच उजळ दिसतात. त्या दिवसांत पहाटेची वेळ सर्वांत चांगली. थंडीत मात्र सूर्य मावळला, की थोड्याच वेळात काम होते.

दिसलेला प्रत्येक ठिपका बिबट्याच असेल असेही नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या शेतीत कॅमेरा ट्रॅप लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आणि जवळपास तेवढीच, म्हणजे पाचच्या आसपास, तरसे असल्याचा अंदाज त्यात निघाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा भागातला हा आकडा आहे. म्हणजे रात्री दिसलेले ते ऊबदार जनावर तरस असण्याची शक्यता तेवढीच. तरसाची पाठ मागे उतरती, बिबट्याची सरळ आणि शेपूट लांब. त्याच परिसरातल्या दुसऱ्या एका अभ्यासात बिबट्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला होता. वस्तीवर भटकी कुत्री आणि उकिरडा कमी झाला, तर बिबट्याचे येणेही कमी होईल. हे काम कोणताही कॅमेरा करत नाही.

वापराची शिस्त एवढीच ठेवा. दार उघडण्याआधी, ओट्यावरून किंवा गच्चीवरून आधी गोठा, मग वाट, मग मोटरीचा खोका अशी सावकाश नजर फिरवा. उजळ आकृती दिसली, तर बाहेर पडू नका, पोरांना आणि शेजारच्या वस्तीला फोन करा, दिवे लावा. मागे जाऊ नका, बॅटरीचा झोत टाकून हाकलू नका, गर्दी जमवू नका. मादी पिलांसह असेल, तर घेराव घातल्यानेच हल्ला होतो. वन विभागाची हॅलो फॉरेस्ट मदतवाहिनी १९२६ आहे, पोलिसांची ११२. वेळ, गट नंबर आणि आकृती कोणत्या दिशेला गेली ते सांगा. रेकॉर्ड केलेले चित्र वनरक्षकाला द्या, गावच्या ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर पडलेले चित्र तासाभरात शंभर माणसे बांधावर आणते.

ऊसतोडणीच्या काळात ही शिस्त आणखी पाळा. फडात शिरण्याआधी, अंधार असतानाच, मुकादमाने चारही बांध थर्मलने पाहून घेतले, तर टोळीतल्या बायामाणसांचा आणि झोळीत झोपवलेल्या लेकरांचा धोका कमी होतो. शंभर एकरांमागे एक उपकरण सामाईक घेतले, तरी ते प्रत्येक घरात एक असण्याहून कामाचे ठरेल.

ड्रोनचे काम वन विभागाकडेच

नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याच्या शोधात वन विभागाने थर्मल ड्रोन वापरला. २०१८ मध्ये यवतमाळच्या पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीच्या शोधातही थर्मल ड्रोन होते, तरी तो शोध आठवडेच्या आठवडे चालला. प्रशिक्षित माणसे, पशुवैद्यक, पिंजरे आणि परवानगी हे सगळे सोबत असूनही काम इतके अवघड असते. खासगी ड्रोनला २०२१ च्या नियमांनुसार नोंदणी लागते आणि ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर लाल, पिवळे, हिरवे पट्टे आहेत. आपल्या जिल्ह्यात नगरचा लष्करी परिसर आणि के. के. रेंज आहे, काकडीला शिर्डी विमानतळ आहे. नकाशा न पाहता ड्रोन उडवणे म्हणजे बिबट्याऐवजी पोलिसांना बोलावणे.

पकडून लांब सोडले की प्रश्न मिटतो, हाही भ्रम सोडा. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ बिबट्या माळशेजकडे सोडल्यावर सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेत त्याने कोणावर हल्ला केल्याची नोंद नाही. तो माणसांच्या अगदी जवळून, त्यांना न दिसता गेला. थर्मलने असा जवळून जाणारा प्राणी दिसेल. त्याला जाऊ द्यायचे की त्याच्यामागे लागायचे, हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागेल.

परदेशातल्या मुलाला निरोप पाठवाल, तेव्हा त्यात एवढे लिहा: हातात धरायचा, कमी वेगाचा, बिलासकट आणि निर्यातीच्या लेखी खुलाशासह असेल तरच आण. यातले एक जरी जमत नसेल, तर ते पैसे गोठ्याला पक्के कुंपण आणि दार, वस्तीवर चांगला दिवा आणि शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून गावाने करायचा पाठपुरावा यांवर खर्च करा. रात्री बाहेर पडावेच लागले नाही, तर जीव वाचवायला त्याहून चांगले उपकरण नाही.